नॉर्वेतली इलेक्ट्रिक गाडी: घरी गेलं की हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी ओस्लोच्या जवळ राहते, माहेर सांगली, सासर नाशिक. दीड-दोन वर्षांनी सुट्टीला गेलं की चहाचा कप हातात यायच्या आधी गाडीचा विषय निघतो. बाबा, मामा, सोसायटीतले काका, शिवाय इकडे नव्याने येणारी पोरं व्हॉट्सॲपवर विचारतात ते वेगळंच. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय. मी इंजिनियर आहे पण गाड्यांची नाही, दहा-बारा वर्षं इथे गाडी चालवते एवढंच भांडवल.

आधी आकडा सांग. खरंच सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक आहेत का?

सगळ्या नाहीत. इथेच सगळे गल्लत करतात. *नवीन विकल्या जाणाऱ्या* गाड्यांमध्ये २०२० साली निम्म्याहून थोड्या जास्त इलेक्ट्रिक होत्या, २०२२ मध्ये ७९ टक्के, २०२४ मध्ये जवळपास ८९ आणि २०२५ मध्ये ९५ च्या वर. म्हणजे आता शोरूममधून पेट्रोलची नवी गाडी बाहेर पडताना दिसली तर लोक वळून बघतात. पण रस्त्यावर जुन्या गाड्या आहेतच की, गाडी काय पाच वर्षांत भंगारात जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा असं झालं की देशातल्या इलेक्ट्रिक कार पेट्रोल कारपेक्षा जास्त झाल्या. दोन्हीकडे साडेसात लाखांच्या आसपास आणि फरक फक्त काहीशे गाड्यांचा. डिझेल तेव्हाही या दोघींच्या पुढे होतं. देशाची लोकसंख्या साधारण ५६ लाख, आपल्या पुणे-पिंपरी-चिंचवडपेक्षा कमी, हेही लक्षात ठेवा म्हणजे उगाच फार भारावून जायला होणार नाही.

पेट्रोल गाडीवर बंदी घातली म्हणून ना?

नाही! बंदी नव्हती आणि आजही नाही. २०१७ मध्ये इथल्या संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, ध्येय ठरवलं की २०२५ पासून विकली जाणारी प्रत्येक नवी कार शून्य-उत्सर्जन असावी. नुसतं ध्येय. आज तुम्ही पैसे घेऊन गेलात तर पेट्रोल गाडी मिळेल, फक्त ती इतकी महाग पडेल की तुम्हीच म्हणाल जाऊ दे.

मग लोकांनी घेतल्या कशाला, पर्यावरणासाठी?

माझ्या ओळखीत पर्यावरणासाठी गाडी घेतलेला एक माणूस आहे, आणि तो तसाही सायकलने फिरतो. बाकी सगळ्यांनी कागदावर हिशोब मांडून घेतली, मीही.

हा मुद्दा नीट समजून घ्या कारण सगळी गोम इथे आहे. नॉर्वेत गाडीवर पूर्वीपासूनच जबरदस्त कर. एक म्हणजे २५ टक्के व्हॅट, आणि दुसरा म्हणजे पहिल्यांदा रजिस्ट्रेशन करताना भरायचा एकरकमी कर, तो गाडीचं वजन, धूर, कार्बन यावर ठरतो, मोठ्या पेट्रोल गाडीला लाखाच्या वर क्रोनर सहज जातो (एक क्रोनर म्हणजे साधारण ९ रुपये धरा). सरकारने इलेक्ट्रिक गाडीला हे दोन्ही माफ केले. समजा दोन गाड्या आहेत, दोन्हींची करापूर्वीची किंमत ३ लाख क्रोनर. पेट्रोलवालीवर ७५ हजार नुसता व्हॅट आणि वर तो रजिस्ट्रेशनचा कर, इलेक्ट्रिकवालीवर (२०२२ पर्यंत) शून्य. म्हणजे कंपनीची बॅटरी कितीही महाग असली तरी ग्राहकाच्या हातात येईपर्यंत दोन्ही सारख्या, बऱ्याचदा इलेक्ट्रिकच स्वस्त.

बाबा नेहमी म्हणतात की "सरकारने सबसिडी दिली असेल बक्कळ". नाही हो बाबा, खिशातून चेक काढून दिला नाही, घ्यायचे ते घेतले नाहीत. तिजोरीला फटका बसायचा तो बसलाच, पण आधी धूर सोडणारी गाडी महाग होती म्हणून ही माफी कामाची ठरली. जिथे पेट्रोल गाडी मुळातच स्वस्त आहे तिथे माफ करायला आहेच काय?

ही आयडिया कुणाच्या डोक्यातून आली?

ही गोष्ट मला फार आवडते. आ-हा नावाचा नॉर्वेचा पॉप बँड आठवतो का, ऐंशीच्या दशकात आपल्याकडच्या कॅसेटवाल्यांकडेही मिळायचा. त्यातले दोघे, मॉर्टेन हार्केट आणि माग्ने फुरुहोल्मेन, आणि बेलोना या पर्यावरण संस्थेचा फ्रेडरिक हाउगे, यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधून एक छोटी फियाट पांडा आणली जिचं इंजिन काढून बॅटरी घातलेली होती. आणली आणि टोल नाक्यावरून पैसे न देता सुसाट. दंड आला, भरला नाही. परत गेले, परत दंड. शेवटी गाडी जप्त झाली, लिलाव झाला, आणि लिलावात यांनीच ती परत विकत घेतली कारण दुसरं कोण घेणार तो डबा! पुन्हा टोल नाका, पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी पेपरात फोटो. गांधीगिरीच म्हणायची, पण पॉपस्टारच्या केसांसकट.

सरकार हळूहळू वाकलं. १९९० मध्ये आयात-रजिस्ट्रेशनचा कर तात्पुरता माफ झाला आणि १९९६ मध्ये कायमचा. १९९७ मध्ये टोल माफ. १९९९ मध्ये महापालिकेच्या जागेत पार्किंग फुकट. २००१ मध्ये व्हॅट माफ, २००५ पासून देशभर बस लेनमधून जायची परवानगी, २००९ पासून फेरी बोटीवर गाडीचं तिकीट नाही. वर्षं बघितलीत का, आपण यातली बरीचशी वर्षं मोबाइलमध्ये साप खेळवत होतो. तेव्हा घ्यायला धड गाडीच नव्हती, दोन सीटचे ते डबे, लोक हसायचे. सवलती आधी आल्या आणि गाड्या वीस वर्षांनी आल्या, २०११ ला निसान लीफ आणि २०१३ ला टेस्ला मॉडेल एस. तोपर्यंत सगळा मांडव घालून तयार होता, नवरी यायचीच बाकी होती.

आणि यात एक छुपा हेतू होता जो फसला. नॉर्वेला स्वतःचा गाडी-उद्योग उभा करायचा होता. थिंक नावाची इथली कंपनी छोट्या प्लास्टिक बॉडीच्या इलेक्ट्रिक गाड्या बनवायची, १९९९ मध्ये फोर्डने विकत घेतली, काही वर्षांत सोडून दिली, २०११ मध्ये दिवाळं निघालं. तेल गेलं, तूप गेलं, पण हातात राहिलेलं धुपाटणं सोन्याचं निघालं, कारण कंपनी गेली तरी सवलती कुणी काढल्या नाहीत. आणि देशात पेट्रोल गाड्या बनवणारा कारखाना नाही म्हणजे सरकारच्या दारात जाऊन रडणारंही कुणी नाही.

बस लेनमधून जायची मुभा एवढी महत्त्वाची होती का?

हो! पैशापेक्षा जास्त. ओस्लोच्या पश्चिमेला आस्करकडून येणारा ई-१८ रस्ता सकाळी म्हणजे आपला कात्रज-नवले पूल, आणि शेजारून इलेक्ट्रिक गाडीवाला बसच्या लेनमधून सुळ्ळकन निघून जातोय हे रोज बघून बघून माणूस किती दिवस धीर धरणार? लोकांनी ऑफिसला जायच्या अर्ध्या तासासाठी गाड्या बदलल्या. मग झालं असं की बस लेनमध्ये बस दिसेना, सगळ्या इलेक्ट्रिक गाड्याच, आणि बस ड्रायव्हर वैतागले. शेवटी गर्दीच्या वेळी त्या रस्त्यावर गाडीत ड्रायव्हर सोडून निदान एक माणूस हवा असा नियम केला. आमच्या ऑफिसातले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते ते त्या नियमामुळे एका गाडीतून यायला लागले.

टोलचं पण असंच. स्टावांगेरजवळ फिनॉय नावाचं बेट आहे, समुद्राखालून बोगदा झाला आणि त्याचा टोल इतका जबर की बेटावरच्या शेतकऱ्यांनी धडाधड लीफ घेतल्या, एकेकाळी देशात सगळ्यात जास्त प्रमाण तिथे होतं. बोगद्याचं कर्ज फेडायचं ज्या टोलमधून तोच येईना.

थंडीत चालते का? बॅटरी गोठत नाही?

हा प्रश्न मला आत्तापर्यंत शंभरदा आला असेल. चालते. रेंज कमी होते, हे लपवायचं काही कारण नाही. इथली वाहनचालकांची संस्था आहे, एनएएफ, ती दरवर्षी कडक थंडीत वीस-पंचवीस मॉडेल्स एकाच दिवशी एकाच रस्त्यावर बंद पडेपर्यंत पळवते आणि कंपनीने सांगितलेली रेंज आणि खरी रेंज यातला फरक छापते. बहुतेक वेळा साधारण १० ते ३० टक्के फरक येतो, गाडीप्रमाणे, फारच कडाक्याची थंडी असली तर त्याहून जास्त. कंपन्या त्या निकालाला जाम घाबरतात.

रेंज जाते कुठे, तर एक म्हणजे बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आणि दुसरं म्हणजे आतली हवा गरम करायला वीज लागते. पेट्रोल इंजिन इतकी उष्णता वाया घालवतं की गाडीत फुकट शेकोटी मिळते, मोटर फारशी वाया घालवत नाही त्यामुळे उष्णतेचे पैसे द्यावे लागतात. म्हणून हीट पंपवाली (म्हणजे कमी विजेत हवा गरम करणारं यंत्र असलेली) गाडी घ्या, आणि सकाळी निघायच्या वीस मिनिटं आधी, गाडी चार्जरला लावलेली असतानाच, ॲपवरून हीटिंग सुरू करा म्हणजे ती वीज भिंतीतून येते, बॅटरीतून नाही. सीट आणि स्टिअरिंगचं हीटिंग फार कमी वीज खातं, ते लावून हवेचं तापमान जरा खाली ठेवायचं. हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं.

आणि उलट बाजू कुणी सांगत नाही ती ऐका. उणे पंचवीसला पेट्रोल-डिझेलवाले रात्री इंजिनाला हीटर लावून ठेवतात नाहीतर सकाळी खर्र-खर्र-खर्र. आमची बटण दाबलं की निघाली. आतून तापलेली, काचेवरचा बर्फ वितळलेला, आणि शेजारचे काका हातात खरवडणी घेऊन बघत उभे.

एक शहाणपण मात्र अनुभवाने आलं. पहिल्या हिवाळ्यात आम्ही डोंगरातल्या भाड्याच्या केबिनवर, म्हणजे सुट्टीतल्या लाकडी घरात, गेलो, रात्रभर गाडी १०० टक्के भरली आणि सकाळी थेट घाट उतरायला लागलो. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी हळू होते आणि ती शक्ती बॅटरीत परत जाते, याची इतकी सवय झालेली, आणि बॅटरी तर काठोकाठ भरलेली, परत घेणार कुठे? गाडी हळूच होईना! पाय झटकन ब्रेकवर गेला म्हणून ठीक. तेव्हापासून डोंगरावर ८०-८५ टक्क्यांवर थांबते.

तू फ्लॅटमध्ये राहतेस ना, मग चार्ज कुठे करतेस? वरून वायर सोडतेस की काय?

हसू नका, एकाने खरंच सोडली होती, तिसऱ्या मजल्यावरून.

घरी चार्जिंग हा सगळ्याचा पाया आहे. बंगलेवाल्यांना सोपं, भिंतीला चार्जरचा डबा बसवला की झालं, आणि नॉर्वेत बंगले पुष्कळ, म्हणून तर हे एवढं पसरलं. आम्ही राहतो ती सहकारी सोसायटी, अगदी आपल्यासारखीच, कमिटी, वार्षिक सभा, त्यात कायम भांडणारे तेच चार जण. फरक एवढाच की इथे कायद्यानेच लिहिलंय की सभासदाने चार्जरची मागणी केली तर कमिटीने सबळ कारणाशिवाय नाही म्हणायचं नाही. "आम्हाला आवडत नाही", "आधी कधी केलं नाही" ही कारणं चालत नाहीत. आपल्याकडे मामांनी पार्किंगमध्ये साधा प्लग मागितला तर दीड वर्षं सभा झाल्या, त्यामुळे हा कायदा मला करमाफीइतकाच मोठा वाटतो.

आमच्याकडे आधी दोन सभा "पैसे कुणी भरायचे" यात गेल्या. गाडी नसलेल्या आजी म्हणाल्या मी का भरू, बरोबरच होतं त्यांचं. शेवटी असं ठरलं की मेन केबल आणि पॅनेल सोसायटीचं, प्रत्येकाचा डबा ज्याचा त्याने घ्यायचा आणि युनिटप्रमाणे बिल. सगळ्यांनी एकदम लावलं तर फ्यूज उडेल म्हणून सिस्टीम असलेली वीज आपोआप वाटून देते, रात्री दोन वाजता कुणाला कमी कुणाला जास्त, सकाळी सगळ्या भरलेल्या. जुन्या बिल्डिंगांमध्ये अजून एक नॉर्वेजियन भानगड आहे, इथलं जुनं वीजजाळं २३० व्होल्टचं आणि न्यूट्रल नसलेलं, त्यामुळे काही गाड्या पूर्ण वेगाने चार्ज होत नाहीत. घर बघायला गेलात तर एजंटला हे विचारा, तो गोंधळून जाईल पण विचारा.

साध्या भिंतीच्या सॉकेटवरून रोज चार्ज करू नका. सॉकेट तासन्‌तास तेवढा लोड घ्यायला बनवलेलं नाही, आमच्या जुन्या घरात प्लग काढला तर कडा तपकिरी झालेल्या होत्या.

विजेचं बिल किती येतं?

गाडी १०० किमीला उन्हाळ्यात १५-१८ युनिट खाते, हिवाळ्यात २०-२५. दराचं मात्र महाभारत आहे. देशाचे पाच वीज-विभाग आहेत आणि दर तासाला दर बदलतो, उत्तरेत स्वस्त आणि आमच्या दक्षिणेत महाग. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर दक्षिणेत दर असे भडकले की लोक रात्री उठून वॉशिंग मशीन लावायचे, मग एका ठरावीक दराच्या वरचं ९० टक्के बिल सरकार भरायला लागलं. ऑक्टोबर २०२५ पासून "नॉर्गेसप्रिस" नावाची योजना आहे, हवी असेल तर ठाम ५० ओरे, म्हणजे अर्धा क्रोनर युनिट, आणि उत्तरेत विजेवर व्हॅट नाही म्हणून ४०. वर वीज वाहून आणण्याचं भाडं वेगळं, आणि ते भाडं तुम्ही एका तासात किती वीज ओढली यावरही ठरतं, म्हणून संध्याकाळी ओव्हन, गीझर आणि गाडी एकदम लावायची नाही. सगळं मिळून पेट्रोलच्या तुलनेत घरचं चार्जिंग फार स्वस्त पडतं. बाहेर फास्ट चार्जरवर जाल तर घरच्यापेक्षा कितीतरी पटीने महाग, तिथे पेट्रोलशी फरक फारसा उरत नाही.

वीज कोळशाचीच ना शेवटी?

नाही. सुमारे ९० टक्के जलविद्युत, उरलेली मुख्यतः पवनचक्क्यांची. कोयनेसारखी धरणं डोंगराडोंगरात. त्यामुळे इथला हिशोब सरळ आहे, तो जसाच्या तसा दुसरीकडे लावता येत नाही.

लांबच्या प्रवासाला काय? मध्येच संपली तर?

नॉर्वेजियन लोकांनी याला शब्दच केलाय, "रेक्केव्हिद्दे-आंग्स्ट", रेंज संपायची धास्ती. शब्द उच्चारेपर्यंत चार्जर येतो. गंमत बाजूला, एनोवा नावाच्या सरकारी संस्थेने २०१५ पासून पैसे देऊन मुख्य रस्त्यांवर साधारण दर ५० किमीला फास्ट चार्जर बसवून घेतले, म्हणजे जिथे धंदा होणार नाही म्हणून कंपनी गेली नसती तिथेही. उत्तरेच्या टोकाला फिनमार्कला मात्र बराच काळ बोंब होती.

खरा त्रास ईस्टरला. सगळा देश एकाच दिवशी डोंगरातल्या केबिनकडे निघतो, आपली गणपतीची कोकणवारी डोळ्यासमोर आणा, आणि गोल नावाचं एक छोटं गाव आहे हालिंगदालमध्ये, तिथल्या चार्जरवर रांग. रांगेलाही शब्द आहे, "लादेको". आता चार्जर पुष्कळ झालेत, पण गुरुवारच्या ऐवजी बुधवारी सकाळी निघालात तर सुखी व्हाल.

आणि ॲप! प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं लॉगिन, वेगळा दर. एका फेब्रुवारीत उणे अठरात, मागे झोपलेलं बाळ, बॅटरी ६ टक्के, आणि एका कंपनीचं ॲप म्हणतंय कार्ड नंबर परत टाका, हातमोजा काढून टाकतेय तर बोटं सुन्न, मग म्हणतंय सर्व्हर उत्तर देत नाही. हेल्पलाइनवर नवरा जे काही बोलला ते इथे लिहीत नाही. आता नवीन फास्ट चार्जरवर साधं बँक कार्ड चालावं असा नियम झालाय, तो दहा वर्षं आधी करायला हवा होता. इतकी दूरदृष्टी दाखवणाऱ्या देशाने हे एवढं साधं का केलं नाही ते मला अजून कळलेलं नाही.

आग लागते म्हणे?

पेट्रोल-डिझेलच्या तुलनेत कमी लागते, पण लागली तर विझवायला वेळ लागतो. जानेवारी २०२० मध्ये स्टावांगेर विमानतळाच्या पार्किंगला मोठी आग लागली, शेकडो गाड्या जळाल्या, लगेच सगळीकडे इलेक्ट्रिक गाडीच्या नावाने शंख. चौकशीत निघालं की सुरुवात एका जुन्या डिझेल गाडीतून झाली होती.

बॅटरी पाच वर्षांत बदलावी लागते ना?

नाही. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची हमी देतात. आमची जुनी लीफ, जिच्या बॅटरीला पाण्याची कूलिंग सिस्टीमच नव्हती, तिच्या डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या १२ पट्ट्यांपैकी ३ सात वर्षांत गेल्या. विकली तेव्हाही गावातल्या गावात मस्त चालत होती, घेणाऱ्या आजोबांना फक्त दुकान आणि चर्च एवढंच जायचं होतं.

सवलती अजून आहेत का? आम्ही येईपर्यंत राहतील का?

एकेक करून काढतायत, आणि मला विचाराल तर बरोबर करतायत. ओस्लोत २०१९ पासून टोल लागतो. २०२३ पासून व्हॅटची माफी फक्त पहिल्या ५ लाख क्रोनरपर्यंत, वरच्या रकमेवर २५ टक्के, शिवाय वजनावर कर सुरू झाला. त्याच वर्षीपासून टोल पेट्रोल गाडीच्या ७० टक्क्यांपर्यंत घेता येतो, आधी ५० होता. २०२६ पासून व्हॅट-माफीची मर्यादा ३ लाखांवर आली. नंबर प्लेटवर पूर्वी ईएल अक्षरं दिसली की लोक आदराने बघायचे, ती मालिका संपली, मग ईके, ईव्ही आणि पुढच्या आल्या, आता कौतुक कुणाला?

सवलत देताना कोणती, किती आणि काढताना आधी कोणती, हे त्यांनी बऱ्यापैकी आधी सांगून केलं. प्रत्येक वेळी आरडाओरडा झाला, आता विक्री कोसळणार म्हणून, आणि महिना-दोन महिने खाली जाऊन परत वर गेली. कारण पेट्रोल गाडीवरचा कर त्यांनी उतरवला नाही.

पण हे श्रीमंतांचे चोचले नाहीत का?

सुरुवातीला बरेचसे होतेच. बंगला, दोन गाड्या, त्यातली दुसरी इलेक्ट्रिक, आणि सरकारने माफ केलेला कर म्हणजे दहा लाखाच्या टेस्लावर सगळ्यांच्या खिशातून सूट. ज्याच्याकडे गाडीच नाही, जो ट्रामने जातो, त्याला काय मिळालं? घंटा. इथले अर्थतज्ज्ञ हे वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत की इतक्या पैशात कार्बन कमी करायचे स्वस्त मार्ग होते. टोल फुकट, पार्किंग फुकट म्हटल्यावर जे बसने जायचे ते गाडीने जायला लागले हाही आरोप आहे, आणि त्यात तथ्य आहे, मी स्वतः जायला लागले होते. टायरची धूळ, बर्फासाठीच्या खिळ्याच्या टायरांनी उखडलेला रस्ता, गर्दी, हे इलेक्ट्रिकनेही तसंच राहतं, वजन जास्त म्हणून थोडं वाढतंच. दुसरी बाजू अशी की त्या श्रीमंतांच्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात आल्यात आणि आमच्यासारखे त्या घेतायत.

स्वतः तेल विकून जगाला शहाणपणा शिकवतात?

बाबांचं वाक्य जसंच्या तसं देते: "घरात माळ घालायची आणि दुकानात दारू विकायची." यावर माझ्याकडे उत्तर नाही. नॉर्थ सीमधलं तेल आणि गॅस विकून जगातला सगळ्यात मोठा सरकारी फंड त्यांनी उभा केलाय, आणि तेवढी श्रीमंती आहे म्हणून कर माफ करणं परवडलं. नॉर्वेजियन लोकांना हे माहीत आहे, चार बिअर झाल्या की स्वतःच काढतात विषय.

मी पुढच्या महिन्यात ओस्लोला येतोय, लगेच गाडी घेऊ का?

नको. एक हिवाळा बस-ट्रेनने काढ. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून फक्त ३ महिने चालवता येतं, पुढे इथलं काढावं लागतं, आणि ते महाग आणि वेळखाऊ प्रकरण आहे. एक बारीक गोष्ट, इलेक्ट्रिक किंवा ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीस तर लायसन्सवर ७८ हा कोड येतो, म्हणजे गियरची गाडी चालवता येणार नाही. इथे फरक पडत नाही पण युरोपात फिरायला जाऊन स्वस्तातली भाड्याची गाडी घेशील तेव्हा आठवेल.

घेशील तेव्हा सेकंडहँड घे, तीन-चार वर्षं जुनी. हीट पंप आहे का, बॅटरीची तपासणी केलेला कागद आहे का, हिवाळ्याच्या टायरचा वेगळा सेट सोबत देतायत का, हे तीन बघ. टोलसाठी ऑटोपासचा करार आणि टॅग लगेच कर, नाहीतर इलेक्ट्रिकची सूट मिळत नाही आणि पूर्ण टोल भरत बसशील, आम्ही चार महिने भरला. आणि फ्लॅट भाड्याने घेताना किचनच्या आधी पार्किंग बघ, चार्जर आहे का ते.

आपल्याकडे होईल का असं?

जसंच्या तसं नाही. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, आपली खरी गाडी म्हणजे स्कूटर आणि रिक्षा, आणि तिथे बदल होतोच आहे, आकुर्डीच्या इलेक्ट्रिक चेतक स्कूटरवर मी स्वतः मामांच्या मागे बसून फिरले. टोलचा प्रयोग महाराष्ट्रानेही केलाय, २०२५ पासून अटल सेतू, पुणे-मुंबई एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी. पण त्याच वर्षी छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, म्हणजे एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्या हाताने ढकलायचं, ओस्लोतल्या माझ्या टीमला हे समजावून सांगताना माझी पंचाईत झाली. लोकांना स्वस्त गाडी हवी हे बरोबरच आहे, स्कूटरवर चौघं बसून पावसात जाणाऱ्याला मी काय सांगणार.

मामांना मी एवढंच सांगितलं की टोल नंतर बघू, आधी सोसायटीच्या पार्किंगमधला तो प्लग मिळवा. पुढची सभा दसऱ्यानंतर आहे म्हणे.